भाषेचा वाद झाला, मुलांच्या पुस्तकांचं काय?

गेल्या काही काळात आपल्या राज्यात शाळेतल्या भाषेवरून जेवढी चर्चा झाली, तेवढी आधी क्वचितच झाली असेल. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. एप्रिल 2025 मध्ये मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय निघाला. जूनमध्ये त्यात बदल झाला, विरोध वाढला आणि 29 जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं जाहीर केलं. मुलांनी किती भाषा शिकाव्यात, कोणत्या इयत्तेपासून शिकाव्यात, यावर सगळे बोलले. त्या भाषांमध्ये मुलांना आवडीने वाचायला काय मिळतं आणि ते कोण लिहितं, कोण चित्रं काढतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मी वर्गात एकदा मुलांना सांगितलं, घरात अभ्यासाचं सोडून जे पुस्तक असेल ते उद्या घेऊन या. बहुतेक मुलं गाईड घेऊन आली. एकीने मोठ्या भावाचं जनरल नॉलेजचं पुस्तक आणलं. गोष्टीचं पुस्तक आणणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ही मुलं घरी उर्दू बोलतात, गल्लीत आणि बाजारात मराठी बोलतात, मोबाईलवर हिंदी ऐकतात. तीन भाषा त्यांच्या कानावर आहेत, पण आवडीचं पुस्तक एकाही भाषेत हातात नाही.

लिहिणारे आहेत, पण एकटे आहेत

महाराष्ट्रात मुलांसाठी उर्दूत लिहिणारे नाहीत असं अजिबात नाही. नागपूरचे वकील नजीब आणि अचलपूरचे हैदर बयाबानी ही नावं उर्दू शाळांतल्या शिक्षकांना नवी नाहीत. मुंबईच्या ‘गुल बूटे’ मासिकाने कितीतरी मुलांना वाचनाची सवय लावली. वाचणारेही आहेत. डिसेंबर 2021 मध्ये मालेगावला राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला, तेव्हा लोकांनी कोटीच्या घरात पुस्तकं विकत घेतली. मराठीत बालभारतीचं ‘किशोर’ 1971 पासून सुरू आहे. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात.

मग अडतं कुठे? आपल्याकडे लेखक एका गावात असतो, चित्रकार दुसऱ्या गावात, छापणारा तिसऱ्या गावात, आणि तिघांची भेट होत नाही. शिक्षक शाळा सुटल्यावर गोष्ट लिहितो, पदरचे पैसे घालून पाचशे प्रती छापतो, शंभर वाटतो आणि बाकीच्या कपाटात ठेवतो. चित्रं कुठूनतरी उचललेली असतात, कारण चित्रकाराला द्यायला पैसे नसतात.

दुसरीकडे हे काम लोकांनी एकत्र येऊन केलं. अमेरिकेत 1971 मध्ये ‘सोसायटी ऑफ चिल्ड्रन्स बुक रायटर्स अँड इलस्ट्रेटर्स’ सुरू झाली. आज तिच्या प्रादेशिक शाखा अनेक देशांत आहेत आणि त्यांचं बरंचसं काम स्वयंसेवक चालवतात. पुस्तक छापून आलेले आणि अजून न आलेले, दोघांनाही तिथे सभासद होता येतं. सभासद एकमेकांचं लिखाण वाचतात, चुका सांगतात, चित्रं संपादकांना दाखवतात, कराराबद्दल माहिती देतात. आपल्या देशातही 1981 मध्ये दिल्लीत शंकर पिल्लई यांच्या पुढाकाराने बाललेखक आणि चित्रकारांची ‘एविक’ ही संघटना उभी राहिली. म्हणजे वाट नवीन नाही. आपल्या भागात, आपल्या दोन भाषांसाठी ती तयार करायची आहे.

चित्रकाराचा हक्क

माझ्या ओळखीच्या एका तरुणाने एका पुस्तकासाठी वीस चित्रं काढली. हातावर थोडे पैसे पडले, कागदावर काही लिहून घेतलं नाही. पुस्तक आलं तेव्हा त्यात त्याचं नाव नव्हतं. नंतर तीच चित्रं दुसऱ्या पुस्तकात दिसली. त्याने विचारलं तर उत्तर मिळालं, “पैसे दिले होते ना?”

इथे कायदा माहीत असायला हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा असेल तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी दिला ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात. पण याच कायद्यात अशीही तरतूद आहे की, कुणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला मालक काढून घेणारा ठरू शकतो. म्हणून लेखकापेक्षाही चित्रकाराला लेखी कराराची गरज जास्त आहे. आपल्या कामावर आपलं नाव सांगण्याचा हक्क मात्र हक्क विकल्यानंतरही राहतो. हे सगळं त्या मुलाला कुणी आधी सांगितलं असतं तर? एकटा माणूस वकिलाकडे जात नाही. दहा जण असतील तर एका पानाचा साधा करार तयार करून सगळे वापरू शकतात.

दोन लिप्यांचं एक पुस्तक

आपल्या मुलांना उर्दू-मराठी अशी दुभाषिक पुस्तकं फार उपयोगी पडतील, पण ती करणं दिसतं तितकं सोपं नाही. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, मराठी डावीकडून. चित्रातली मुलगी मराठी पुस्तकात पुढच्या पानाकडे धावत असेल, तर उर्दूत ती मागे पळताना दिसते. चित्र नुसतं उलटं केलं तर उजव्या हाताने जेवणारा मुलगा डावखुरा होतो आणि दुकानावरची पाटी वाचता येत नाही. म्हणून लेखक, चित्रकार आणि नस्तालीक अक्षरजुळणी करणारा, तिघांनी सुरुवातीपासून सोबत बसावं लागतं.

आणखी एक विषय टाळून चालणार नाही. सजीवांच्या चित्रांबद्दल आपल्या काही घरांत संकोच असतो. उलेमांमध्ये यावर वेगवेगळी मतं आहेत आणि प्रत्येक घराच्या मताचा आदर ठेवायला हवा. तरीही आपल्याच मुलांची पाठ्यपुस्तकं चित्रांनी भरलेली आहेत, हेही खरं आहे. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी झाडं, घरं, बाजार, समुद्र, नक्षी आणि खत्तातीतून सुंदर पुस्तकं होऊ शकतात. पण त्यासाठीही चित्रकार लागतोच.

गोष्टीत आपलं घर दिसणं हाही प्रश्न आहे. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हामिद आपल्या सगळ्यांना आठवतो, पण तो नव्वद वर्षांपूर्वीचा आहे. आज मराठी पुस्तकात मुस्लिम मूल भेटलंच तर बहुतेक वेळा ईदच्या दिवशी, शीरखुर्म्याच्या वाटीसोबत भेटतं. सायकल पंक्चर झालेली, गणिताला घाबरणारी, आजीशी भांडणारी आयेशा फारशी भेटत नाही. तिच्या शेजारच्या मराठी मुलांनाही ती भेटायला हवी, म्हणून ती मराठीतही यायला हवी.

सुरुवात कुठून?

मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, नागपूर, रत्नागिरी, सोलापूर, यांपैकी कुठल्याही शहरात महिन्यातून एक बैठक सुरू होऊ शकते. दोन उर्दू लेखक, दोन मराठी लेखक, चित्रकला शिक्षक, अक्षरजुळणी करणारा एक जण आणि समोर दहा-पंधरा मुलं. गोष्ट मुलांना वाचून दाखवायची. ती कुठे कंटाळली ते पाहायचं आणि तिथे दुरुस्ती करायची.

पैशाचाही रस्ता आहे. दहा शाळांनी प्रत्येकी पन्नास प्रती आधीच मागवल्या तर पाचशे प्रतींची आवृत्ती छापण्याआधीच विकली जाते आणि चित्रकाराचा मोबदला त्यातून आधी बाजूला काढता येतो. सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी अनुदान मिळतं. मुख्याध्यापकांनी त्यातून गाईडऐवजी गोष्टीची पुस्तकं घ्यावीत. छापणं जमत नसेल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत मोफत गोष्टी आहेत, आणि तिथे स्वतः भाषांतरही करता येतं.

पालकांकडे एकच मागणं आहे. येत्या ईदला मुलांच्या हातात ईदी ठेवाल, तेव्हा सोबत एक गोष्टीचं पुस्तक ठेवा. घेण्याआधी त्यावर लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव आहे का ते पाहा. नसेल तर दुकानदाराला विचारा. असं विचारणारे वाढले तर छापणाऱ्यांनाही ते नाव टाकावं लागेल, इन्शाअल्लाह.