निसर्गाचा वाटा आणि आपला गुन्हा

पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते. बाईचे शरीरच तसे, असे म्हणून आपण मोकळे होतो. निसर्गाचा वाटा आहेच. इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरते आणि प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सुस्तावते. पित्त साचते, घट्ट होते, खडे धरतात. चाळिशीनंतर आणि आई-मावशीला खडे असतील तर धोका वाढतो. पण या वाट्यावर आपण आपल्या रूढींची जी भर घातली आहे, तिचा जाब निसर्गाला विचारता येणार नाही.

गर्भारपणात ही दोन्ही संप्रेरके भरात असतात. म्हणून बाळंतपणे जितकी जास्त, तितका धोका जास्त. मग तीन मुलींनंतर मुलगा हवा म्हणून जिला पुन्हा दिवस राहू दिले जातात, तिच्या खड्यांना जबाबदार कोण? तिचे गर्भाशय की वंशाच्या दिव्यासाठी आसुसलेले तिचे सासर?

जेवण पोटात गेले की पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होते. पोट तासन्‌तास उपाशी राहिले की पित्त जागीच पडून राहते. एका हरतालिकेने कुणाला खडा होत नाही. परंतु सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस आणि उरलेल्या दिवशी सगळ्यांची पाने उठल्यावर दुपारी तीनला उरलेसुरले, असे वर्षानुवर्षे चालले तर शरीर ते सोसत नाही. पुण्य साऱ्या घराचे आणि उपास मात्र एकट्या बाईचा, हा कुठला धर्म?

स्थूलपणा आणि मधुमेह हीही मोठी कारणे. सुनेने रोज तासभर चालायला जावे, एवढी मोकळीक किती घरांत आहे? उलट मुलीचे लग्न जुळेना की तिला उपाशी ठेवून महिन्याभरात वजन उतरवण्याची घाई होते. वजन झपाट्याने उतरले तरी खडे होतात, हे तिला कुणी सांगत नाही.

सर्वांत मोठा अपराध त्यापुढचा. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ उठते, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, उलटी होते. घर म्हणते, पित्त झालंय, सोडा घे. तीही तोंड दाबून पोळ्या लाटत राहते. खडा पित्तनलिकेत अडकून कावीळ झाली किंवा स्वादुपिंड सुजले, म्हणजे धावपळ सुरू होते; तेव्हा जिवावर बेतलेले असते. खडा बहुधा साध्या सोनोग्राफीत दिसतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. आज ती जिल्ह्याच्या गावीही होते. विज्ञान दाराशी आले, दार आपणच लावून घेतले.

त्रास न देणाऱ्या प्रत्येक खड्यावर शस्त्रक्रिया लागत नाही; तो निर्णय डॉक्टरांचा. पण दुखणे खरे मानणे हे घराचे काम आहे. पुरुषहो, आज तिला आपल्याबरोबर पानावर बसवा. सासूबाई, सुनेचा उपास तिच्या मर्जीवर सोडा. आणि बायांनो, दुखले तर लपवू नका, मोठ्याने सांगा. सोसणे हा सद्गुण नाही. ती तुमच्यावर लादलेली शिक्षा आहे.