माप त्यांचे, गाव आमचे



गेल्या हंगामात दुसरी वेचणी चालू असताना आमच्या गावात कॉलेजची वीस-पंचवीस पोरे उतरली. सोबत भूगोलाचे सर. हातात छापील फॉर्म, गळ्यात ओळखपत्र. त्यांची क्षेत्रभेट होती. फॉर्मच्या डोक्यावरच विषय छापलेला : 'सदर वस्ती खेडे आहे की उपनगर?'

आमचे गाव जिल्ह्याच्या शहरापासून सात किलोमीटरवर. एका अंगाला एमआयडीसीचा रस्ता, दुसऱ्या अंगाला काळी कोरडवाहू जमीन. कापूस, तूर, थोडी ज्वारी, अलीकडे बरेचसे सोयाबीन. रस्त्याच्या कडेने तीन लेआऊट पडले. त्यातल्या एकात माझे दोन एकर गेले. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर बैठकीत कुणीतरी उठून सांगेलच.

एक पोरगी माझ्याकडे आली. पाय मुरगळला म्हणून मी ओसरीवर कापसाच्या ढिगाला टेकून बसलो होतो. घर पक्के आहे का? आहे, स्लॅबचे. नळ आहे का? आहे, पाणी आठवड्यातून एकदा. पोरीने 'नळ आहे' वर खूण केली, आठवड्याचा रकाना नव्हता. शहरात जायला वाहन? ऑटो आहेत, एस.टी. आहे. मुलगा काय करतो? कंपनीत जातो. खूण. संपला फॉर्म.

मी म्हटले, "बाई, मी ज्याला टेकून बसलो त्याचं काही लिहिलं का?" पोरगी हसली. ढिगाचा रकाना नव्हता. तो कापूस वेचणारी माझी बायको आणि सून त्या वेळी वावरात होत्या, त्यांचाही नव्हता.

आता बघा, पोरे आली अकराला आणि गेली दोनला. कापसाच्या दिवसांत त्या वेळी गावात सापडते कोण? किराणावाला, पानठेलेवाला, रात्रपाळी करून झोपून उठलेला वॉचमन, लेआऊटमधले पेन्शनर आणि माझ्यासारखा एखादा लंगडा. जे गावाचे गावपण राखून आहेत ते सगळे धुऱ्यापलीकडे. पोरांनी घरे मोजली, दुकाने मोजली, ऑटो मोजले. पांदणीने कुणी गेले नाही, कारण चिखल होता. आखरावर गुरे किती उभी राहतात हे विचारले नाही, कारण सकाळी आठलाच गुराखी ती घेऊन गेला होता. शेवटी मारुतीच्या पारावर बसून बेरीज झाली आणि गुण उपनगराच्या बाजूने जास्त पडले. सर भले माणूस. ते म्हणाले, "तसं याला ग्रामीण-नागरी झालर म्हणतात."

झालर! पोळ्याला बैलाच्या झुलीला आपण झालर लावतो. झालरीला स्वतःचे अंग नसते, ती दुसऱ्याच्या कपड्याला शिवलेली असते. आमच्या गावाला शिवार आहे, शीव आहे, देव आहे, दोन तट आहेत. ते झालर कसे झाले?

पोरांवर माझा राग नाही. त्यांचा फॉर्म सरांनी केला, आणि सरांच्या फॉर्मची आई दिल्लीत आहे. ती समजून घेतली पाहिजे, कारण ती उद्या तुमच्याही ओसरीवर येणार आहे.

जनगणनेचे माप असे. लोकवस्ती किमान ५,०००. दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे. आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. ही तिन्ही जमली की ग्रामपंचायत असली तरी तुमचे गाव जनगणनेच्या पुस्तकात 'शहर' होते. १९६१ पासून थोड्याफार फरकाने हेच माप चालत आले आहे. २००१ मध्ये देशात अशी १,३६२ जनगणना-शहरे होती, २०११ मध्ये ती सुमारे ३,९०० झाली. म्हणजे दहा वर्षांत अडीच हजार गावे झोपली खेडे म्हणून आणि उठली शहर म्हणून. ना गटार आले, ना नगरपालिका.

तिसरी अट पुन्हा वाचा. काम करणारे पुरुष. बायका त्यात नाहीत. निंदण कोण करते? वेचणी कोण करते? ज्वारीचे कणीस कोण खुडते? शहराजवळच्या कुठल्याही कोरडवाहू गावात जा, पुरुष बाहेर चार पैसे मिळवायला जातो आणि शेती बाई ओढते. त्याने बाहेर गेल्याशिवाय बियाण्याला पैसा निघत नाही. त्याची मजुरीच शेतीला भांडवल पुरवते. पण माप लावणारा त्या पुरुषाकडे बघतो, त्याला 'बिगरशेती' लिहितो आणि शेती करणारी बाई हिशेबातून गळते. ज्या शेतीला भाव मिळत नाही म्हणून घरचा माणूस बाहेर गेला, ती शेतीच नाही असा निकाल त्याच्या बाहेर जाण्यावरून लावतात.

आणखी एक खोच आहे. हे माप 'मुख्य काम करणाऱ्या' पुरुषांना लागते, आणि मुख्य म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असलेला. त्याखालचा 'सीमान्त', तो या हिशेबात धरत नाहीत. ओलितवाल्याला बारमाही काम असते. कोरडवाहू ज्वारीवाला पेरणीपासून मळणीपर्यंत चार-पाच महिन्यांत मोकळा होतो. पाऊस दगा देईल त्या वर्षी त्याहून लवकर. मग मोजणीच्या वेळी गेटवरचा वॉचमन मुख्य आणि सात एकरांचा धनी सीमान्त. कोरडवाहू गाव शहरात ढकलायला याहून सोपी युक्ती कुणाला मुद्दाम सुचली नसती.

बरे, एवढेच माप असते तर एकदाचे भांडून मोकळे झालो असतो. पण प्रत्येक दप्तराची फूटपट्टी वेगळी. आयकर कायद्यात २०१३ ला दुरुस्ती झाली, तीत शेतजमीन कोणती हे नगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या अंतरावर ठरवले. शहराची वस्ती दहा हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, एक ते दहा लाख असेल तर ६, दहा लाखांच्या वर ८. तेही सरळ, कावळ्याच्या वाटेने. त्या पट्ट्यात तुम्ही कापूस पेरा नाहीतर ज्वारी, विकायला काढली की ती भांडवली मालमत्ता. २००५ चा रोजगार हमीचा कायदा मात्र नगरपालिका नसलेल्या भागालाच लागू केला. जनगणनेने शहर म्हटलेल्या गावात त्याची कामे निघायची आणि हद्दवाढीत गेलेल्या खऱ्या शेतीच्या गावात बंद व्हायची. एकच गाव एका टेबलावर शहर, दुसऱ्यावर खेडे, तिसऱ्यावर सहा किलोमीटरच्या आतले. त्या-त्या टेबलाला जे सोयीचे तेवढे त्याने मोजले.

आता दामाचे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला शहरापासूनच्या अंतराप्रमाणे १ ते २ असा गुणक लावण्याची तरतूद आहे. शहरी जमिनीला गुणक १. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. समजा एकराचा बाजारभाव १० लाख धरला. गुणक २ लागला तर २० लाख, त्यावर दिलासा रक्कम २० लाख, एकूण ४०. तीच जमीन शहरी ठरली तर १० अधिक १०, एकूण २०. धुरा हलला नाही, मातीचा रंग बदलला नाही, फक्त गावाच्या नावापुढचा शब्द बदलला आणि एकरामागे २० लाख गेले. म्हणून म्हणतो, 'खेडे की उपनगर' हा प्रश्न भूगोलाच्या पेपरात पाच गुणांचा असेल, आपल्याला तो सातबाऱ्याचा आहे.

कुणी म्हणेल, अहो, शहर झाले तर बाजारभावच वाढेल ना? काहींचा वाढतो. रस्त्याला लागून असलेल्याचा वाढतो. माझा वाढला. त्या पैशात पोरीचे लग्न झाले, विहिरीचे कर्ज फिटले, मी नाकारत नाही. पण रस्त्यापासून दोन शेते आत असलेल्याला ना लेआऊटवाला विचारतो, ना पांदण सुधारते. त्याच्या वाट्याला येतो शेजारच्या लेआऊटचे सांडपाणी आणि घराचा वाढीव कर. गोठ्याची तक्रार होते. मोकाट म्हणून गुरे कोंडवाड्यात जातात. गावातली तरुण पोरे उपनगर पाहिजे म्हणतात, त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांना रोज नळाला पाणी हवे आहे. खेडे राहूनही रोज पाणी मिळाले पाहिजे हे आपण त्यांना सांगू शकलो नाही, हा आपला दोष.

आणि शहरात गेल्यावर ते पाणी येतेच असेही नाही. अकोल्याची हद्द २०१६ ला वाढली, २४ गावे आत घेतली. ऐन कापूस-ज्वारीच्या मुलखातली गावे. तिथले कुणी ओळखीचे असेल तर आधी काय आले, पाणी की कराची पावती, हे त्यालाच विचारा. पुण्याने २०१७ ला ११ गावे घेतली आणि २०२१ ला आणखी २३. पहिल्या अकरांतली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन कराला कंटाळून बाहेर पडायला निघाली, आणि २०२२ च्या डिसेंबरात सरकारने त्यांना महापालिकेतून काढून वेगळी नगरपरिषद करण्याचे जाहीर केले. खेडे, मग महानगर, मग नगरपरिषद. पाच वर्षांत एवढा भूगोल कसा बदलला, हे कुठल्या क्षेत्रभेटीत सापडेल?

ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य असतात, आणि ग्रामसभेत तर तुम्ही-आम्ही सगळेच. हद्दीत गेले की ग्रामसभा संपली. चार गावांच्या प्रभागात एखादा आपला माणूस निवडून आला तर नशीब. संघटनेने इंडिया आणि भारत असा भेद सांगितला तो नकाशावरची रेघ ओढून सांगितला नव्हता. शहरातल्या झोपडपट्टीत जाऊन पडलेला कोरडवाहूवालाही भारतातलाच, हे शरद जोशींनी तेव्हाच सांगितले होते. सरकारने मात्र रेघ हातात घेतली आहे आणि ती आपल्या वावरातून ओढते आहे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ ही तारीख धरून मोजणी ठरली आहे. प्रगणक येईल तेव्हा घरातल्या बाईने स्वतः पुढे येऊन 'मी शेती करते' असे सांगायचे, 'घरकाम' लिहू द्यायचे नाही. या मापात ती धरली जात नसली तरी तिची नोंद राहिली पाहिजे. उद्या माप बदलून घ्यायचे तर पुरावा तोच. कोरडवाहूवाल्याने वखरणीपासून पऱ्हाटी उपटेपर्यंतचे सगळे महिने मोजून सांगायचे. सहाच्या खाली येत नाहीत ते, आपणच 'आता काम नाही' म्हणून मोकळे होतो.

हद्दवाढीचा मसुदा निघाला की हरकतींना मुदत साधारण महिनाभराची असते. तेव्हा धावाधाव करून अर्धा कागदही जमत नाही. म्हणून गावाची क्षेत्रभेट आपणच आधी करून ठेवायची. कॉलेजच्या पोरांना सोबत घ्या, त्यांना अक्षर चांगले असते. पण वेळ पहाटेची नाहीतर संध्याकाळची ठेवा, आणि फॉर्म आपला असू द्या : घरात सातबारा किती एकरांचा, वावरात कोण राबते, बाहेर जाणाऱ्याची मजुरी शेतीत किती जाते, गुरे किती, कडबा-कुटार कुठून, रस्त्यापासून शेत किती आत, विकलेल्या जमिनीचे पैसे कुठे गेले. शेवटचा प्रश्न लोकांना आवडणार नाही. तरी विचारा.

आमच्या गल्लीपुरता हा तक्ता मी भरून पाहिला. कंपनीत जाणाऱ्या बहुतेक पोरांच्या घरी कुणी ना कुणी बाई वावरात निघाली. तो कागद आणि कोरा नमुना दोन्ही जिल्हा बैठकीला घेऊन येतो. झेरॉक्सचे पैसे आपापले आणावेत.