‘केहीमकर’ : आडनावात गाव आलं, जात गेली का?



जळगावात भाड्याने खोली बघायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारतो. ‘सोनवणे’ सांगितलं तरी त्याचं समाधान होत नाही, कारण खानदेशात सोनवणे अनेक जातींत आहेत. मग पुढचा प्रश्न येतो, “कोणते सोनवणे?”

म्हणून आपल्यातले काही तरुण म्हणतात, आडनावच बदलू, गावाचं नाव लावू. त्यांनी ‘केहीमकर’ या आडनावाचा विचार करावा.

अलिबागजवळ किहीम गाव आहे. तिथले ते केहीमकर. हे आडनाव ज्यूंचं, कोकणातल्या बेने इस्रायल समाजाचं. या समाजाने गावावरून आडनावं घेतली : पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ साली, त्यांच्या पश्चात.

पण आडनावात गाव आलं म्हणून जात सुटली का? नाही. हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ ठरवलं. देव वेगळा, धर्म वेगळा, तरी जातीच्या उतरंडीत त्यांची पायरी ठरलीच. पुढे समाजाच्या आतही ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ असे भेद पडले. दोघांत रोटीबेटी व्यवहार नव्हता.

इस्रायलला गेल्यावरही सुटका झाली नाही. १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासायचा फतवा काढला. तेव्हा या लोकांनी आडनावं लपवली नाहीत. ते रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. १९६४ साली तिथल्या संसदेला ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत.

बाबासाहेबांचं घराणं सकपाळ. ‘आंबेडकर’ या आडनावाचं नातंही आंबडवे गावाशीच आहे. पण त्या नावाला वजन आलं ते महाडच्या चवदार तळ्यामुळे, संविधानामुळे, नागपूरच्या दीक्षाभूमीमुळे. जातीचं मूळ धर्मशास्त्रांच्या पावित्र्यात आहे, हे त्यांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं. ते मूळ शाबूत ठेवून नुसती पाटी बदलली, तर विचारणारा नवा प्रश्न शोधतोच.

खोली मिळावी म्हणून कुणी आडनाव बदललं, तर मी त्याला दोष देणार नाही. दोष विचारणाऱ्याचा आहे. पण चळवळीचा कार्यक्रम आडनाव बदलणं हा असू शकत नाही. घर नाकारणाऱ्याला जाब विचारणं, एकत्र येऊन विचारणं, हा आपला कार्यक्रम आहे.

“कोणते सोनवणे?” असं विचारलं तर ताठ मानेने सांगा, “बाबासाहेबांचे.”

जयभीम!