चौथी पायरी

गिरगावातली आमची चाळ पाडायची तारीख ठरली, तेव्हा घरातला प्रत्येक जण आपापल्या परीने ती साठवून ठेवायला लागला. नवऱ्याने फोनवर ढिगाने फोटो काढले. मुलीने गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत व्हिडिओ केला. सासूबाईंनी दाराचा पितळी कडी-कोयंडा सुताराकडून काढून घेतला आणि जुन्या पातळात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. मी एक कोरी वही आणली.

त्याआधीची माझी चित्रकलेची शेवटची वही शाळेतली, इंटरमिजिएटच्या परीक्षेची. महाराष्ट्रात शिकलेल्या पुष्कळांना या शासकीय परीक्षा आठवत असतील: आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. त्या परीक्षांचे माझ्यावर उपकार आहेत. तांब्या आणि कांदा शेजारी ठेवले की दोघांच्या मधली मोकळी जागासुद्धा काढायची असते, हे मला तिथे कळलं. पण निकालाच्या कागदावरची श्रेणीही मनात राहिली. ‘ब’ मिळाल्यावर, आपल्याला चित्रकला बेताचीच येते असं मी धरून चालले आणि पुढची तीस वर्षं पेन्सिल हातात घेतली ती वाणसामानाच्या यादीसाठी. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका-पुरुषांचं हेच झालेलं आहे. चित्र काढणं हे चित्रकारांचं काम, असं आपण फार लवकर ठरवून टाकतो.

म्हणून वही घेताना मी एक गोष्ट जाणूनबुजून केली. स्पायरलची वही घेतली नाही, शिवणीची घेतली. स्पायरलचं पान सहज फाटतं आणि फाडल्याची खूणही राहत नाही. शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं की त्याचं जोडपान सैल होतं, पुढे तेही निसटतं. त्यामुळे वाईट चित्र वहीतच राहतं. पहिल्या दिवशी मी भिंतीतली लाकडी खुंटी आणि तिच्यावरची बाजाराची पिशवी काढली. खुंटी जमली, पिशवी दगडासारखी दिसत होती. ती आजही पान एकवर आहे. खाली तारीख आहे आणि एक ओळ: ‘पिशवीत दोन नारळ होते.’ त्या ओळीमुळे ते पान मला आवडतं.

कागदाबद्दल थोडं सांगते, कारण नव्याने सुरू करणारे इथेच अडतात. नुसतं पेन्सिलने किंवा पेनने काढायचं असेल तर साधा कार्ट्रिज कागद पुरतो. जलरंग वापरायचे असतील तर कागद जाड हवा, निदान 200 जीएसएमच्या आसपासचा. पातळ कागद पाणी लागलं की फुगतो आणि वाळल्यावर सपाट होत नाही. 300 जीएसएमचा कागद उत्तम, पण तो महाग असतो आणि वही लवकर संपते. महाग वहीत माणूस घाबरत काढतो. मी मधला कागद घेतला. रंग मुलीच्या शाळेच्या दिवसांतले, कॅमलच्या वड्यांची पेटी. दांडेकरांनी 1931 साली शाईपासून सुरू केलेल्या कंपनीने मराठी घरांत रंग पोचवले, आणि ती पेटी बहुतेक घरांत कुठल्या तरी खणात अजून सापडते. सहा नंबरचा एक ब्रश आणि पाण्याला औषधाच्या बाटलीचं झाकण.

पेनची चूक मी स्वतः केली. माझ्या रोजच्या फाउंटन पेनने मोरी काढली, मोरीतला तांब्याचा हंडा काढला, फरशीच्या फटी एकेक करून काढल्या. मग हंड्यावर तपकिरी रंगाचा हात फिरवला आणि सगळी निळी शाई पाण्यात विरघळून पसरली. पेनची साधी शाई पाण्यात विरघळते. वर रंग द्यायचा असेल तर वॉटरप्रूफ शाई लागते. पावसाळ्यात मुंबईत आणखी एक अडचण: हवाच ओली, त्यामुळे रंग तासभर वाळत नाही आणि घाईने वही मिटली की समोरासमोरची पानं चिकटतात. मी दोन पानांमध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा घालते आणि वही उघडी ठेवून पंखा लावते.

पण खरी गोष्ट जिन्याची आहे.

आमचा जिना लाकडी, अंधारा, तळमजल्यावर अकरा पायऱ्यांनंतर वळणारा. त्यावरून मी लग्नानंतर हजारो वेळा चढले-उतरले असेन. तो काढायला चार संध्याकाळी लागल्या. पहिल्या संध्याकाळी मी सगळ्या पायऱ्या सरळ रेषांनी काढल्या आणि चित्र खोटं वाटायला लागलं. का, ते कळेना. दुसऱ्या दिवशी पायरीच्या पातळीला डोळे आणून बसले, तेव्हा दिसलं की एकही पायरी सरळ नाही. प्रत्येक पायरी झिजून मधे खोलगट झालेली आणि तो खोलगट भागही मधोमध नाही, कठड्याकडे सरकलेला. तीन पिढ्या कठडा धरून चढल्या, त्यांची पावलं तिथे पडली. वळणानंतर मात्र खोलगट भाग भिंतीकडे होता. हे कोडं सुटायला आणखी एक संध्याकाळ गेली. वळणावर कठड्याला लागून वर्षानुवर्षं पाण्याचं पिंप होतं. पिंप केव्हाच गेलं होतं, पण त्याला वळसा घालून जाणाऱ्या पावलांची झीज लाकडावर राहिली होती.

नवऱ्याच्या फोटोंमध्ये हा जिना सतरा वेळा आहे. त्यातल्या एकातही मला हे दिसलं नव्हतं. आता फोटो पाहिला की दिसतं, कारण हाताने एकदा ती वाकडी रेघ ओढली आहे. चित्रवही कशासाठी ठेवायची, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे हे एवढंच उत्तर आहे. एखाद्या गोष्टीसमोर वीस मिनिटं बसून राहायला दुसरं कोणतंही निमित्त आपल्याला मिळत नाही.

आणि चित्राशेजारी लिहायचं. हे मी दोन चित्रकारांकडून घेतलं. फ्रेंच चित्रकार देलाक्रुआ 1832 साली एका राजनैतिक मंडळाबरोबर मोरोक्कोला गेला. घोड्यावरून प्रवास, अनोळखी गावं, रंग घोटत बसायला वेळ नाही. तेव्हा तो वहीत भराभर रेखाटन करायचा आणि कोणता रंग कुठे, सावली कशी, हे बाजूला शब्दांत लिहून ठेवायचा. त्या काही महिन्यांच्या वह्यांवर तो 1863 साली मृत्यू येईपर्यंत मोरोक्कोची चित्रं रंगवत राहिला. दुसरे आपले प्रभाकर बरवे. अलिबागजवळच्या नागावचे, जन्म 1936 चा. पान, शंख, घड्याळ, लिफाफा अशा साध्या वस्तू कॅनव्हासवर आणून त्यांना वेगळंच मौन देणारे. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीत चित्रविचारावर लिहिलेल्या मोजक्या पुस्तकांपैकी आहे. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती त्यांच्या रोजनिश्यांपुढे. एवढा मोठा चित्रकार, आणि वहीत छोटे छोटे आकार आणि त्यांच्याभोवती हाताने लिहिलेले विचार. चित्र कुठे संपलं आणि विचार कुठे सुरू झाला, ते सांगता येत नव्हतं. रोजच्या डायरीसारखी डायरी, त्यामुळे ती मला फार जवळची वाटली.

नियम मी थोडेच पाळते. तारीख आणि जागा लिहायची. समोर असेल ते काढायचं. कुकर लावला की बसायचं आणि तीन शिट्ट्या झाल्या की उठायचं. त्यामुळे ‘वेळ नाही’ असं स्वतःला सांगता येत नाही. सामान बांधायच्या दिवसांत एकोणीस दिवस खाडा पडला. ती पानं मी मागाहून भरली नाहीत. विसाव्या दिवशी नवी तारीख घातली आणि समोरचं खोकं काढलं.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे: सुरुवातीचं निदान वर्षभर ही वही कुणाला दाखवू नये. रोजचं पान फोनवर टाकून कौतुक मिळवणारी माझी एक मैत्रीण आहे, गुणी आहे, तिचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. पण तीच मला म्हणाली की आता ती चांगली दिसतील अशाच गोष्टी निवडते: कपबशी, जास्वंद, खिडकीतलं मांजर. संडासाबाहेरची बादल्यांची रांग ती काढणार नाही. मला ती रांग काढायची होती. नऊ बादल्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडीला आपली म्हणून ओळखायला वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली होती. नऊ चिंध्यांचे नऊ रंग मी लिहून ठेवले आहेत.

चाळ पाडली त्या दिवशी आम्ही कुणीच तिकडे गेलो नाही. ट्रान्झिटच्या घरात लिफ्ट आहे, नळाला दिवसभर पाणी आहे. सासूबाई दुपारी खिडकीशी बसतात, आणि तिथून दिसतो तो समोरच्या इमारतीचा पाइप. तो पाइपही वहीत आला आहे, दोनदा.

गेल्या महिन्यात वहीला वर्ष झालं. दुपारी मी ती सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. खुंटी पाहून म्हणाल्या, ‘‘ही तुझ्या सासऱ्यांनी बसवलेली, जरा वाकडी होती, तशीच आलीय.’’ मोरीच्या निळ्या डागाळलेल्या पानावर थांबल्या, काही बोलल्या नाहीत. बादल्यांवरून बोट फिरवत एकेका बिऱ्हाडाचं नाव घेतलं. नववं नाव आठवायला वेळ लागला, पण आठवलं.

मग जिना आला. बराच वेळ पाहिल्यावर खालून पायऱ्या मोजत त्यांचं बोट एका पायरीवर थांबलं.

‘‘अगं, ही चौथी. ही वाजायची. रात्री हे उशिरा आले की हिच्यावरून मला कळायचं, आणि मी उठून पान वाढायला घ्यायचे. ते कुठंय यात?’’

मी म्हटलं, ‘‘आई, ते चित्रात कसं येणार?’’

‘‘मग लिही की.’’

मी पेन त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी चौथ्या पायरीशेजारी, कठड्याच्या बाजूला, थरथरत्या पण स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘वाजते.’ आणि खाली त्या दिवशीची तारीख घातली.