बस कुठे आहे, ते प्रवाशालाही कळू द्या

‘आधी गाड्या वाढवा, मग उपग्रहाच्या गप्पा मारा.’ सार्वजनिक बसमधल्या जीपीएसचा विषय निघाला की हा आक्षेप हमखास येतो. त्यात तथ्य आहे. यंत्र बसवल्याने ताफ्यात एकही गाडी वाढत नाही. पण आहेत त्या गाड्या नीट अंतराने धावतात का, हा प्रश्न उरतोच.

शहरातला नेहमीचा अनुभव घ्या. बराच वेळ बस येत नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन पाठोपाठ येतात. पुढची गाडी कोंडीत अडकली की थांब्यांवर गर्दी साठते. तिच्या चढण्या-उतरण्यात गाडीला आणखी उशीर होतो आणि मागची जवळपास रिकामी गाडी तिला गाठते. इंधन दोघींचे जळते, सेवा मात्र एकीचीच मिळते. दोघींमधले अंतर घटताना नियंत्रण कक्षाला दिसले, तर मागची वेळीच रोखता येते. म्हणजे गाड्या कमी असतील, तर हे यंत्र अधिकच गरजेचे ठरते.

दुसरा आक्षेप चालक-वाहकांवरच्या पाळतीचा. ही भीती अनाठायी नाही. पण गाडी घाटात खोळंबली होती, याची साक्षही जीपीएसची तीच नोंद देते. कागदावरची धाववेळ प्रत्यक्षात अशक्य असेल, तर तेही ती उघड करते. म्हणून या नोंदींतून आधी वेळापत्रक सुधारावे. शिक्षेचा विचार नंतर.

तिसरा आक्षेप, उंच इमारतींमधून जाताना ठिकाण चुकते. स्थान ठरवायला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात आणि भिंतींवरून परावर्तित झालेले संदेश घोळ घालतात, हे खरेच. यावर उपाय आहे. लंडनच्या ‘आयबस’ यंत्रणेने उपग्रहाच्या जोडीला चाकांचे फेरे आणि वळणे मोजणारी साधने वापरली. त्याच माहितीवर तिथे सिग्नलला बसला प्राधान्यही मिळते.

आपल्याकडे 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थानदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक आहे. रिक्षांना त्यातून सूट आहे. मुंबईत बेस्टची गाडी मोबाइलवर दिसतेही. पण संध्याकाळी फाट्यावर शेवटच्या एसटीची वाट पाहणाऱ्या बाईकडे स्मार्टफोन असेलच असे नाही. गाडी निघाली की रद्द झाली, एवढे कळले तरी अंधार पडण्याआधी ती दुसरी सोय पाहू शकते. तिच्यासाठी साधा फोन क्रमांक हवा, स्थानकावर चालू फलक हवा आणि चौकशीच्या खिडकीत खरे उत्तर हवे. ही यंत्रणा जनतेच्या पैशाने उभी राहते. तिच्यातल्या माहितीवर पहिला हक्क प्रवाशाचा आहे आणि तो महामंडळांनी आणि महापालिकांनी मान्य केलाच पाहिजे.