गाडी आली, वेळ कुणाची?

अखेर बीडला आगगाडी आली! १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून, मुख्यमंत्र्यांनी हिरवा झेंडा दाखविला आणि आमच्या जिल्ह्याच्या गावाहून पहिली प्रवासी गाडी हलली. त्या दिवशी बीडकरांना आनंद झाला, तो रास्तच होता. मग दिवाळीच्या फराळात हा कडू घास कशाला, असे वाचक विचारतील. मंडळी, चिवड्यात एखादा खवट शेंगदाणा निघतोच. तो वेळीच थुंकून टाकला म्हणजे बाकीचा चिवडा चवीने खाता येतो. तेवढ्याचसाठी हा लेख.

आधी उशिराचा हिशेब मांडू. उत्तरेला जालन्यात आगगाडी १९०० साली आली. पश्चिमेला नगरात ती त्याही आधी आलेली. दक्षिणेकडची बार्शीची छोटी गाडी १९११ साली लातुरास पोहोचली. पूर्वेला खुद्द आमच्याच जिल्ह्यातल्या परळीला निजामाच्या अमदानीपासून स्टेशन आहे. तिथल्या औष्णिक वीजकेंद्राचा कोळसासुद्धा आगगाडीत बसून आला! पंगतीत चोहीकडे वाढपी फिरावेत आणि मधल्या एका पानावर मीठही पडू नये, तशी बीडची गत झाली.

नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. मी तेव्हा मॅट्रिकच्या उंबरठ्यावर होतो; आज माझे केस पिकू लागले आहेत. अंदाज होता सुमारे साडेतीनशे कोटींचा, तो वाढत वाढत ४,८०० कोटींच्या वर गेला. त्यातला निम्मा भार राज्याने, म्हणजे तुम्हीआम्हीच उचलला. प्रवासी गाडी आष्टीपर्यंत आली ती २०२२ साली. सत्तावीस वर्षांत सहासष्ट किलोमीटर! वर्षाला अडीच किलोमीटर पडले. आमच्या शाळेतली वाडीवरची पोरे एवढे अंतर रोज सकाळी दप्तर घेऊन पायी तोडतात. याच पोरांना मी वर्षानुवर्षे फळ्यावर गणिते घातली की, दोन आगगाड्या समोरासमोरून येत आहेत, त्या कुठे भेटतील? त्यांनी ती बिनचूक सोडविली, आगगाडी न पाहता! भेट कुठेच होणार नाही, असे एकाही पोराने उत्तर दिले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

असो. झाले ते झाले. माझे भांडण झाल्या उशिराशी नाही, पुढच्या कारभाराशी आहे.

स्टेशन म्हणजे इमारत नव्हे. रंगविलेल्या भिंती, नावाची पाटी, फलाट हा नुसता सांगाडा झाला. रूळ, सिग्नल, स्टेशनमास्तर हा सारा संसार मांडलेला असतो तो एका वचनासाठी : अमुक वाजता गाडी सुटेल आणि तुमचे काम होईल. आता सुरू झाली तेव्हा ही गाडी कशी धावत होती ते पाहा. सकाळी सातच्या सुमारास ती अहिल्यानगरहून निघे, दुपारी साडेबाराला बीडला टेके, एक वाजता परत फिरे आणि संध्याकाळी साडेसहाला अहिल्यानगर गाठी. १६७ किलोमीटरला साडेपाच तास. मुक्काम तिकडे, आणि बीडला अर्ध्या तासाचा पाहुणचार!

बीडच्या माणसाने या गाडीने करावे काय? दवाखान्यात जाणारा म्हातारा तिथे पोहोचतो तो दिवे लागताना. रात्री कुठेतरी पडायचे, सकाळी डॉक्टर येण्यापूर्वीच परतीची गाडी निघून गेलेली, म्हणजे आणखी एक रात्र. तिकीट स्वस्त खरे, पण वाचलेले पैसे लॉजवाला घेणार. आणि रविवारी, नोकरदार माणूस मोकळा असतो त्या दिवशी, गाडीलाही सुट्टी! मग कोणी शहाणा कागद पुढे करून म्हणेल, "पाहा, गाडी रिकामी धावते, बीडकरांना रेल्वेची गरजच नाही." विहिरीवर पोहरा ठेवायचा, दोर ठेवायचा नाही, आणि गावाला तहान नाही म्हणायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

दुसरे म्हणणे असे की, एस. टी. आहे, सडका आहेत, रेल्वेचे एवढे काय? सीताफळवाल्याला विचारा. बालाघाटाच्या माळावरच्या या फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण पिकल्यावर ते दोन दिवस दम धरीत नाही. त्याला मानपत्र नको, मालधक्का हवा आणि रात्रीत मोठ्या बाजारात पोहोचणारा डबा हवा. आणि त्या ऊसतोड्याला विचारा. दसरा झाला की हजारो कुटुंबे भांडीकुंडी, पोरेबाळे ट्रकवर टाकून पश्चिमेकडच्या कारखान्यांवर निघतात. दिवाळीत त्यांच्या घरांना कुलूप असते. आगगाडी आली म्हणून कोयता लगेच हातातून सुटेल, इतका मी भोळा नाही. पण जिथून माल स्वस्तात बाहेर जातो तिथेच गिरणी उभी राहते, आणि जिथे गिरणी आहे तिथून माणूस पोटासाठी गाव सोडीत नाही.

म्हणून मागणे थोडके आहे. एक गाडी रात्री बीडला मुक्कामी राहू द्या. ती पहाटे सुटू द्या आणि रात्री परत येऊ द्या, रविवार धरून. मालधक्का चालता करा. बीडच्या पुढे परळीपर्यंतचे चौऱ्याण्णव किलोमीटर पुरे करा, आणि तेही वर्षाला अडीचच्या हिशेबाने नको. नाहीतर माझ्या नातवाला हाच लेख पुन्हा लिहावा लागेल!

भाऊबीजेला लेक सकाळी माहेरी यावी, भावाला ओवाळावे आणि दिवस मावळताना गाडीत बसून आपल्या घरी जावी, एवढे ज्या दिवशी जमेल त्या दिवशी बीडला आगगाडी आली असे मी म्हणेन. तोवर आले आहेत ते फक्त रूळ.