पेशव्यांचे कर्ज आणि आपले कर्ज

गेल्या महिन्यात दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचून झाल्या. पहिली रणजित देसाई यांची ‘स्वामी’. १९६२ साली आलेली ही कादंबरी शाळेत असताना वाचली होती, ती पुन्हा हाती घेतली. दुसरी सदानंद देशमुख यांची २००२ मधली ‘बारोमास’. तिला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले, अमडापूरचे. तरीही ती इतकी वर्षे वाचायची राहिली. का राहिली, ते वाचल्यावर कळले.

‘स्वामी’तील माधवराव पानिपतानंतर सोळाव्या वर्षी गादीवर आले आणि १७७२ साली थेऊरला, ऐन सत्ताविशीत गेले. डोक्यावर दौलतीचे कर्ज होते. मरतानाही ते फेडण्याचा घोर त्यांना लागला होता. ते वाचताना डोळ्यांत पाणी आले आणि ते पुसताना बरेही वाटले.

‘बारोमास’मध्येही कर्जच आहे. एकनाथ शिकलेला, नोकरी नाही म्हणून शेतीत अडकलेला. पाऊस, भाव, घरातली धुसफूस आणि नोकरदार नवऱ्याची स्वप्ने पाहून आलेली बायको. इथे डोळे भरले नाहीत. उलट चिडचीड झाली आणि मी चार वेळा पुस्तक मिटले. कारण आमची शेती थोरला भाऊ करतो आणि मी शहरात महिन्याचा पगार घेतो. पेशव्यांच्या कर्जात माझा काही दोष नव्हता. या कर्जात तसे म्हणता येईना.

ऐतिहासिक कादंबऱ्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. सिंदखेडराजा, म्हणजे जिजाऊंचे माहेर, आपल्या जिल्ह्यात आहे. तिथे लखुजी जाधवांच्या समाधीसमोर उभे राहिल्यावर ‘श्रीमान योगी’ची पाने आठवतात. आपल्यापैकी कितीतरी जणांना वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली. पण त्यांत एक सोय असते. शेवट आधीच ठाऊक असतो आणि त्याची जबाबदारी आपल्यावर नसते.

दुःख जुने की नवे, यावर लेखणीची ताकद ठरत नाही. विश्वास पाटील यांनी ‘पानिपत’ लिहिली आणि पुढे १९९१ साली धरणग्रस्तांची ‘झाडाझडती’ही लिहिली. साहित्य अकादमीने ‘झाडाझडती’चा गौरव केला. लग्नात, वाढदिवसाला भेट म्हणून मात्र आपण यातली कोणती देतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा ‘बारोमास’ भावासाठी नेली. थोडी धाकधूक होती. त्याने आठ दिवस रोज रात्री थोडी थोडी वाचली. मग त्याचा फोन आला. “बापू, यात तं आपलंच घर लिवलं हाये,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. कुणीतरी आपली दखल घेतली, याचे समाधान होते. थोडे थांबून त्याने विचारले, “पण मंग पुढं काय झालं असंन त्या एकनाथचं?”

माधवरावांचे पुढे काय झाले, ते मला तारखेसह सांगता आले असते. या प्रश्नावर मात्र मी एवढेच म्हणालो, “दादा, रविवारी गावाकडे येतो. बसून बोलू.”